आधी गिरणीचं मीटर

श्रोतेहो, नमस्कार.

महिनाअखेर आली, हातात पाच हजार आणि देणी बारा हजारांची. लाईट बिल, किराण्याची उधारी, बचत गटाचा हप्ता, विमा, पोरांच्या क्लासची फी. आधी कुणाचं द्यायचं? तगादा जास्त कुणाचा, हे बघू नका. काय थकलं तर कमाई थांबेल, चूल थांबेल, ते बघा.

हे मी शिकले माझ्या आत्याकडून. आत्या लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली, घराला लागूनच पिठाची गिरणी. साल 2015. सोयाबीन शेंगा भरायच्या आधीच वाळून गेलं. पुढे एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तोच हा दुष्काळ. घरात रोख पैसा यायचा तो फक्त गिरणीचा. आणि थकलं होतं तीन ठिकाणी, गिरणीचं वीजबिल, किराण्याची उधारी आणि टीव्हीचा हप्ता.

विजेची नोटीस आली, ती कोनाड्यात पडली. कागद काही बोलत नाही. टीव्हीच्या हप्त्याचा माणूस मात्र रोज सकाळी ओट्यावर येऊन बसायचा. येणारे-जाणारे बघायचे. आत्याचे यजमान, आमचे मामा, मोठे अब्रूदार. चौथ्या दिवशी त्यांनी डब्यातले सगळे पैसे त्याच्या हातात ठेवले.

पुढच्या आठवड्यात गिरणीची लाईन कापली. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बाया दारातून परत फिरल्या आणि शेजारच्या गावाला गेल्या. ज्वारीचं पीठ ताजंच लागतं हो. पाकिटातल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, भाकरी थापताना चिरते. मी तर म्हणते, गावातली गिरणी टिकलीच पाहिजे. असो.

घरात टीव्ही होता आणि कमाई बंद होती. बारा दिवस. शेवटी आत्यानं शेळी विकली, बाकी भरली, लाईन जोडायचे पैसे वेगळे भरले. मग स्वतः किराणा दुकानात गेली. म्हणाली, "भाऊ, तुरीचा काटा झाला की तुमचं पहिलं. तोवर दर बाजाराला शंभर रुपये देते." दुकानदार कबूल झाला. टीव्हीचा माणूस पुढचा हप्ता मागायला आला, त्यालाही तिनं थांबायलाच सांगितलं, ओट्यावरच, सगळ्यांच्या देखत.

म्हणून पुन्हा सांगते, तगादा नको, काय थांबेल ते बघा. लाईन कापण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, कायदाच आहे तसा. त्या 15 दिवसांत कार्यालयात जाऊन हप्ते पाडून मागा. विम्याचा हप्ता वार्षिक असेल तर साधारण 30 दिवसांची सवलत मिळते, मासिक असेल तर 15. तेवढे दिवस तो मागे राहू द्या, त्यापुढे नाही. पीककर्ज मात्र तारखेच्या आत भरा, व्याजाची सवलत वेळेत भरणाऱ्यालाच आहे. आणि एक देणं भागवायला सावकाराकडे जाऊ नका. बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे. कुणी तशी वसुली करत असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

कोनाड्यात एखादी नोटीस पडली असेल, तर आज जेवायच्या आधी तिच्यावरची तारीख वाचा.

नमस्कार.