थर्गुड मार्शल यांची तोंडी परीक्षा

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 1789 पासून 2022 पर्यंत 116 न्यायाधीश नेमले गेले. त्यांतले कृष्णवर्णीय किती? तीन. नीट ऐकलंत ना? 116 मध्ये तीन. थर्गुड मार्शल, क्लॅरेन्स थॉमस आणि केतांजी ब्राऊन जॅक्सन. या तिघांना सिनेटसमोर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहासमोर, काय काय ऐकून घ्यावं लागलं, आणि ऐकवणारे कुठल्या पक्षाचे होते, ते आज सांगायचं आहे. तिघांना सारखा वेळ मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. मार्शल यांचं नाव निघालं की माझी गाडी तिथेच थांबते.

पद्धत थोडक्यात सांगतो. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट त्यावर मतदान करतं, आणि या दोन्हींच्या मधे सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे उमेदवाराची जाहीर सुनावणी होते. उमेदवार खाली टेबलाशी, सिनेटर वर उंचावर. नेमणूक तहहयात. एकदा माणूस आत गेला की तीस-तीस वर्षं हलत नाही, म्हणून दारातच सगळी झडती घेतात.

आपल्याकडे असं काही नाही. आपल्याकडे कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांचं मंडळ, बसतं, नावं ठरतात, आणि आपण दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतो. 2015 मध्ये न्यायाधीशांच्या नियुक्ती आयोगाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा काही मित्र हळहळले. दार बंद असणं मलाही आवडत नाही. पण दार सताड उघडल्यावर आत काय चालतं ते आता ऐका, आणि मग तुमचं तुम्ही ठरवा.

ही सुनावणी पहिल्यापासून नव्हती. उमेदवारावर पहिल्यांदा जाहीर सुनावणी झाली ती 1916 मध्ये, लुई ब्रँडाइस यांच्या वेळी. सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलं गेलेले ते पहिले ज्यू. जानेवारीत नाव आलं आणि मंजुरी मिळायला 1 जून उजाडला. स्वतः ब्रँडाइस समितीपुढे गेलेच नाहीत. इतर लोक येऊन त्यांच्याबद्दल बोलत राहिले. आणि एक गंमत सांगू? वॉशिंग्टनमध्ये हे चाललेलं असताना, 9 मे 1916 या दिवशी, न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांचा आपला एक विद्यार्थी भारतातल्या जातिसंस्थेवर निबंध वाचत होता. भीमराव आंबेडकर. त्यांनी तिथली वर्तमानपत्रं चाळली असतील का, असं मला नेहमी वाटतं. असो.

उमेदवाराने स्वतः येऊन उत्तरं द्यायची, हा रिवाज पक्का झाला 1955 मध्ये. का? तर 1954 मध्ये ब्राऊन खटल्याचा निकाल लागला होता. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या, हे राज्यघटनेत बसत नाही, असं न्यायालयाने एकमताने सांगितलं. दक्षिणेतले सिनेटर खवळले. यापुढे जो न्यायाधीश होऊ पाहील त्याला समोर बसवून विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. तेव्हापासून प्रत्येकाला यावंच लागतं. म्हणजे श्रोतेहो, ही सुनावणी रुळली ती वर्णभेदाच्या निकालामुळे. पुन्हा सांगतो, वर्णभेदाच्या निकालामुळे.

आणि तो ब्राऊन खटला लढवणारा वकील कोण? थर्गुड मार्शल.

मार्शल बाल्टिमोरचे, गुलामाचे पणतू. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी 32 खटले चालवले आणि 29 जिंकले. त्यांतला एक खटला पक्षांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा, पण ब्राऊनच्या गाजावाजात तो मागे पडतो. साल 1944, राज्य टेक्सास. तिथे तेव्हा डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजेच सरकार. नोव्हेंबरची निवडणूक नावाला. खरा निकाल लागायचा तो पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात. पक्षाचं म्हणणं असं की आम्ही खासगी संस्था आहोत, सभासद कुणाला करायचं ते आमचं आम्ही ठरवू, आणि आम्ही फक्त गोऱ्यांना घेतो. ह्यूस्टनचे एक कृष्णवर्णीय दंतवैद्य, लॉनी स्मिथ, यांना मत देऊ दिलं नाही. मार्शल यांनी त्यांची बाजू मांडली आणि आठ विरुद्ध एक असा निकाल मिळवला. पक्ष निवडणुकीचं काम करतो, तेव्हा तो खासगी राहत नाही, असं त्या निकालाचं सार. (पक्ष ही कुणाची खासगी मालमत्ता असते का, हा प्रश्न आपल्याकडे तिकीटवाटपाच्या रात्री एखाद्या इच्छुकाला विचारून बघा. उत्तर मिळेल, पण रेडिओवर सांगता येणार नाही.)

आता हा माणूस न्यायाधीश व्हायला निघाला, तर वाटेत कोण बसलं असेल? तेच पक्षवाले. 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी मार्शल यांना न्यू यॉर्कच्या अपील न्यायालयात नेमलं. समितीचे अध्यक्ष होते जेम्स ईस्टलंड. मिसिसिपीचे कापूस-बागायतदार, पक्ष डेमोक्रॅटिक, म्हणजे केनेडींचाच. त्यांच्या समितीत हे प्रकरण जवळजवळ वर्षभर रेंगाळलं. अखेर 1962 च्या सप्टेंबरात 54 विरुद्ध 16 मतांनी मंजुरी मिळाली. ते सोळाच्या सोळा विरोधक दक्षिणेतले डेमोक्रॅट. आजचे पक्ष डोक्यात ठेवून ही गोष्ट ऐकलीत तर गोंधळ उडेल. तेव्हा वर्णभेदाचा किल्ला होता दक्षिणेतल्या डेमोक्रॅटांकडे. हे लक्षात असू द्या.

मग राष्ट्राध्यक्ष झाले लिंडन जॉन्सन. हेही टेक्सासचे, त्याच पक्षात वाढलेले. पण त्यांनी मनाशी ठरवलं होतं की मार्शल यांना सर्वोच्च न्यायालयात बसवायचं. अडचण एकच, जागा रिकामी नव्हती. जॉन्सननी काय करावं? सर्वोच्च न्यायालयात टॉम क्लार्क नावाचे एक न्यायाधीश होते. त्यांचा मुलगा रॅम्झी क्लार्क न्याय खात्यात होता. 1967 च्या फेब्रुवारीत जॉन्सननी मुलाचं नाव थेट ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचा प्रमुख, या पदासाठी जाहीर केलं. आता मुलाचं खातं रोज सरकारची बाजू घेऊन उभं राहणार आणि बाप वर बसून निकाल देणार, हे कसं चालेल? वडिलांनी निवृत्ती जाहीर केली. 12 जूनला ते पायउतार झाले आणि 13 जूनला जॉन्सननी मार्शल यांचं नाव जाहीर केलं! राजकारणात मला भाषणबाज माणसं आवडत नाहीत. अशी खुर्च्या सरकवणारी माणसं आवडतात. निदान ऐकायला तरी.

जुलैमध्ये सुनावणी सुरू झाली. अध्यक्ष पुन्हा ईस्टलंडच. त्यांनी मार्शल यांना विचारलं, दक्षिणेतल्या गोऱ्या लोकांबद्दल तुमच्या मनात आकस आहे का? कल्पना करा. ज्या माणसाला दक्षिणेत खटले लढवायला गेल्यावर जीव मुठीत धरून राहावं लागे, त्याला हा प्रश्न! मार्शल शांतपणे म्हणाले, अजिबात नाही. मी कॉलेजात जाईपर्यंत गोऱ्यांकडेच कामं केली आहेत.

आणि मग आले स्ट्रॉम थर्मंड, साउथ कॅरोलायनाचे. पूर्वी डेमोक्रॅट होते. 1957 मध्ये नागरी हक्कांच्या कायद्याविरुद्ध सिनेटमध्ये सलग 24 तास 18 मिनिटं बोलले होते. 1964 मध्ये पक्ष बदलून रिपब्लिकन झाले. आपण ज्याला पक्षांतर म्हणतो तेच, पण थर्मंड यांनी विचार मात्र बदलले नव्हते. त्यांनी घेतली इतिहासाची तोंडी परीक्षा. तेराव्या, म्हणजे गुलामगिरी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीचा मसुदा कुणी लिहिला? चौदावी, म्हणजे सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी दुरुस्ती कुठल्या समितीने मांडली? त्या समितीत सभासद कोण कोण होते? शंभर वर्षांपूर्वीच्या सभासदांची नावं! असे साठाहून जास्त प्रश्न, एकामागून एक. आणि मार्शल यांचं बहुतेक वेळा एकच उत्तर, मला माहीत नाही, सर. पुढचा प्रश्न. मला माहीत नाही, सर.

आपल्याकडे सनावळ्या पाठ असलेल्या मुलाला इतिहास येतो असं समजतात, आणि ती मोठी फसगत आहे हे माझं मत तुम्ही या कार्यक्रमात अनेकदा ऐकलंय. पण इथे खरी मेख वेगळीच होती. ब्राऊन खटल्यात न्यायालयाने वकिलांना सांगितलं होतं, चौदावी दुरुस्ती करणाऱ्यांच्या मनात शाळांबद्दल काय होतं ते शोधून आणा. मार्शल यांनी इतिहासकार गोळा केले, महिनोन् महिने कागदपत्रं उपसली आणि डिसेंबर 1953 मध्ये पुन्हा युक्तिवाद केला. ते सगळं पाहून न्यायालय म्हणालं, या इतिहासातून ठाम निष्कर्ष निघत नाही. म्हणजे चौदाव्या दुरुस्तीचा इतिहास आणि त्याची मर्यादा ज्या माणसाला देशात सगळ्यांहून जास्त ठाऊक होती, त्यालाच थर्मंड त्या दुरुस्तीवर नापास करायला बसले होते.

ही चाल ओळखू आली का? दक्षिणेत कृष्णवर्णीय माणूस मतदार म्हणून नाव नोंदवायला गेला की कारकून त्याच्यापुढे राज्यघटनेचं एखादं कलम ठेवायचा आणि म्हणायचा, वाच, आता अर्थ सांग. उत्तर काहीही द्या, पास करायचं की नाही ते कारकून ठरवणार. 1965 च्या मताधिकार कायद्याने त्या परीक्षांना लगाम घातला. दोन वर्षांनी तीच परीक्षा सिनेटच्या समितीत, देशाच्या सॉलिसिटर जनरलची घेतली गेली. हो, मार्शल तेव्हा सॉलिसिटर जनरल होते, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे वकील.

30 ऑगस्ट 1967 ला मतदान झालं. बाजूने 69, विरोधात 11. विरोधातले दहा डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन. तो एक म्हणजे थर्मंड. पण बेरीज करा, 69 आणि 11 म्हणजे 80. उरलेले वीस मतदानाला आलेच नाहीत. बाजूने मत देणं जमत नसेल तर निदान गैरहजर राहा, असं जॉन्सननी दक्षिणेतल्या अनेकांना पटवलं असं सांगतात. आणि त्या सिनेटमध्ये एकमेव कृष्णवर्णीय सिनेटर होते एडवर्ड ब्रुक, मॅसॅच्युसेट्सचे. पक्ष कुठला? रिपब्लिकन.

थर्मंड 2003 मध्ये वारले, वयाची शंभरी ओलांडून. त्यानंतर सहाच महिन्यांनी एक वृद्ध निवृत्त शिक्षिका पुढे आल्या आणि म्हणाल्या, मी त्यांची मुलगी. आई थर्मंड यांच्या घरी काम करणारी कृष्णवर्णीय मुलगी होती. थर्मंड कुटुंबाने ते मान्य केलं. मी यावर काही बोलत नाही.

घड्याळ बघतोय, आता भराभर.

1991 मध्ये मार्शल निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी थोरल्या बुशनी क्लॅरेन्स थॉमस यांचं नाव दिलं. तेही कृष्णवर्णीय, पण विचारांनी मार्शल यांच्या दुसऱ्या टोकाला. आता पाठराखण करणारे रिपब्लिकन होते आणि उलटतपासणी घेणारे डेमोक्रॅट. समितीत रिपब्लिकनांचे सर्वांत ज्येष्ठ सभासद कोण, ओळखा. थर्मंड! या वेळी त्यांनी मत दिलं बाजूने. ॲनिटा हिल या कृष्णवर्णीय प्राध्यापक थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करायला आल्या, तेव्हा समोर बसलेले चौदाच्या चौदा सभासद गोरे पुरुष होते, दोन्ही पक्ष धरून. 52 विरुद्ध 48 ने थॉमस यांना मंजुरी मिळाली. अकरा डेमोक्रॅटांनी त्यांना मत दिलं, त्यांतले बरेच दक्षिणेतले. कारण सोपं होतं. मताधिकार कायद्यानंतर दक्षिणेतला डेमोक्रॅट कृष्णवर्णीय मतदारांवाचून निवडून येत नव्हता, आणि त्या मतदारांत थॉमस यांना पाठिंबा होता. मार्शल यांनाही आणि थॉमस यांनाही नाही म्हणणारा सिनेटर एकच, वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट रॉबर्ट बर्ड.

आणि 2022. जो बायडन यांनी निवडणुकीआधी शब्द दिला होता की कृष्णवर्णीय स्त्रीला सर्वोच्च न्यायालयात नेमीन. शब्द दिला कुठे? साउथ कॅरोलायनात. थर्मंड यांच्या राज्यात, कारण आता तिथल्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीय मतांचं पारडं जड असतं. 1944 चा तो खटला आठवतोय ना? केतांजी ब्राऊन जॅक्सन यांच्या सुनावणीत टेक्सासचे रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ यांनी लहान मुलांच्या एका चित्रपुस्तकातली पानं मोठी करून फलकावर दाखवली आणि विचारलं, बाळं वर्णद्वेषी असतात हे तुम्हाला मान्य आहे का? जॅक्सन क्षणभर थांबल्या आणि मग म्हणाल्या, कुठल्याही मुलाला तसं वाटायला लावू नये. थर्मंड यांच्या प्रश्नांना निदान अभ्यासाचा आव तरी होता, एवढंच मी म्हणेन.

7 एप्रिल 2022 ला मतदान झालं. 53 विरुद्ध 47. फक्त तीन रिपब्लिकन बाजूने. साउथ कॅरोलायनाचे दोन्ही सिनेटर विरोधात. एक टिम स्कॉट, सिनेटमधले एकमेव कृष्णवर्णीय रिपब्लिकन, ज्यांनी 2010 मध्ये आपली पहिली लोकप्रतिनिधिगृहाची उमेदवारी थर्मंड यांच्या मुलाला हरवून मिळवली होती. दुसरे लिंडसे ग्रॅहम, ज्यांनी वर्षभरापूर्वीच खालच्या न्यायालयासाठी जॅक्सन यांना मत दिलं होतं. ग्रॅहम यांची जागा म्हणजे थर्मंड यांचीच जागा. सभागृहात यायचं तर टाय लागतो, आणि त्या दिवशी ग्रॅहम यांनी टाय लावला नव्हता. म्हणून ते शेजारच्या क्लोकरूममध्येच थांबले आणि तिथूनच त्यांनी ‘नाही’ कळवलं.

नमस्कार.