डिकीवरची सायकल आणि गाडीचा रंग

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी सरली, पहाटे स्वेटर निघाले, की आपल्या खानदेशातल्या सायकलवाल्यांचे रविवारचे बेत सुरू होतात. कुणी पाटणादेवी म्हणतं, कुणी तोरणमाळ. सायकली डिकीवरच्या कॅरियरला बांधायच्या, पायथ्यापर्यंत गाडीनं जायचं आणि तिथून पुढं पेडल मारायचं. हवा भरली का, चेनला तेल दिलं का, हे सगळे बघतात. गाडीच्या रंगाची आठवण होते ती घरी परतल्यावर.

जळगावच्या एका गृहस्थांचं असंच झालं. नाव नको. गाडी नवीकोरी, गडद निळी. कॅरियरच्या रबरी पायांनी ओरखडे पडतील म्हणून त्यांनी घरातला जाड टर्किश टॉवेल घेतला, घड्या घालून पायांखाली दिला. वर दोन सायकली चढवल्या, पट्टे आवळले आणि चाळीसगावचा रस्ता धरला. दिवस कपाशी वेचणीचे. ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर आणि प्रत्येकामागे काळ्या मातीचा धुरळा. चाळीसगावहून पुढं पाटणादेवी 18 किलोमीटर. पोचले, सायकली उतरवल्या, डोंगराच्या कडेनं मनसोक्त फिरले आणि दुपारी भरीत-पुरीवर ताव मारला.

भरिताचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मिक्सरमधून काढलेल्या लगद्याला भरीत म्हणायची जी नवी रीत आली आहे, ती मला मान्य नाही. वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजावीत आणि लाकडी बडगीत ठेचावीत. असो.

तर निघताना डिकीवर धूळ दिसली. गृहस्थांनी तोच टॉवेल उचलला आणि डिकी खसाखसा पुसली. सोमवारी सकाळी उन्हात बघतात तर काय, डिकीवर पुरीएवढे चार धुरकट चट्टे, आणि बाकी सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा! कॅरियर विकणाऱ्याला शिव्या घालत ते पेंटरकडे गेले.

"काय व्हयनं भाऊ?" म्हणत पेंटरनं आधी चट्ट्यावरून नख आडवं फिरवलं. नख अडकलं नाही. मग त्यानं टॉवेल मागितला. टॉवेल डिकीतच होता. पेंटरनं जमिनीवर पांढरा कागद पसरला आणि त्यावर टॉवेल झटकला. कागदावर काळी माती पडली आणि मातीत चमचमणारी बारीक वाळू. पेंटर म्हणाला, "भो, याले तुम्ही टॉवेल म्हणता? हा तर पॉलिश पेपर आहे."

गाडीच्या रंगावर अगदी वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा, म्हणजे हा थर केसाहूनही पातळ. कापडाखाली वाळू, वर सायकलींचं वजन, त्यात गाडीचे हादरे. शंभर किलोमीटर ती वाळू तिथल्या तिथं घासत राहते. नख अडकलं नाही म्हणजे ओरखडा वरवरचा, कंपाउंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट, लावून मशीननं निघतो. पण तो निघतो म्हणजे भोवतालचा थर तेवढा झिजवला जातो. दर वर्षी रबिंग करत बसलात तर झिजवायला थरच उरणार नाही.

म्हणून आधी पाणी, मग कापड. आदल्या रात्री गाडी गार असताना डिकीवर पाणी सोडा, धूळ वाहून जाऊ द्या, मग कार शाम्पू. भांड्यांचा साबण नको, तो रंगावरचं वॅक्स, म्हणजे मेणाचा थर, काढून टाकतो. कॅरियरचे रबरी पायही धुवा, हे हमखास राहतं. पाय जिथं टेकतात तिथं पारदर्शक पीपीएफचे, म्हणजे रंग वाचवणाऱ्या फिल्मचे, तळहाताएवढे तुकडे साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवा आणि पाणी दाबून काढा. खाकी टेप लावू नका. आपल्याकडच्या उन्हात त्याचा गोंद रंगावरच भाजला जातो.

कॅरियरचे हुक डिकीच्या पत्र्याच्या कडेला अडकवा, काचेच्या कडेला कधीच नाही. पट्टा लावताना त्याला मध्ये एक पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात फडफडतो आणि रंगावर चाबकासारखा बसतो. उरलेली टोकं बांधून टाका. गाडीकडचं पेडल 15 नंबरच्या पान्यानं काढून ठेवा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, तिथं ताकद लावून उपयोग नाही, दिशा बदला. हँडल आणि पुढचं चाक जुन्या ट्यूबनं बांधा, नाहीतर हँडल वळून थेट काचेवर किंवा पत्र्यावर येतं. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर नको. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत.

निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा. सैल पट्टा म्हणजे हलणारा कॅरियर, आणि हलणारा कॅरियर म्हणजे ओरखडा.

मुक्कामी पोचल्यावर सायकल गाडीला टेकवून ठेवू नका, झाडाला टेकवा. सनस्क्रीन किंवा डास पळवायचं मलम लावलेले हात डिकीवर ठेवू नका. काही मलमांतलं डीट नावाचं रसायन रंग आणि प्लॅस्टिक खातं. आणि चेनवर स्प्रे मारायचा तो गाडीपासून चार पावलं लांब, वाऱ्याची दिशा बघून.

परतताना धूळ दिसणारच, हातही शिवशिवणार. पण आधी पाणी, मग कापड. पाणी नसेल तर घरापर्यंत धुळीसकट या. कॅरियर मात्र त्याच रात्री उतरवा. आठवडाभर उन्हात तसाच राहिला तर रबरी पायांचे काळे डाग रंगावर उमटतात. नमस्कार.