मूकपट बघताना वेग सांभाळा

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथून ऐकत असाल तिथून मोबाइलवर एखादा मूकपट लावून बघा. पहिलं हसू फुटतं ते माणसांच्या तुरुतुरु चालण्यावर. त्यात नटांचा काही दोष नाही. कॅमेरा तेव्हा हातानं फिरवत, शेवयांच्या यंत्रासारखा. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात ८ चित्रं, म्हणजे सेकंदाला साधारण १६. बोलपट चालतो २४ नं. १६ ची फिल्म २४ नं पळवली की सगळं दीडपट. पुन्हा सांगतो, १६ ची २४ नं, म्हणून दीडपट.

यूट्यूबवर प्लेबॅक स्पीड ०.७५ करा, तरी घाई वाटली तर ०.६५. मागाहून जोडलेलं संगीत रेंगाळेल, ते बंदच करा. काही प्रतींचा वेग आधीच सुधारलेला असतो. त्या मंदावल्या तर माणसं पाय ओढत चालतात. चाल बघून ठरवा.

एवढा खटाटोप कशासाठी? अण्णा साळुंके नीट दिसावेत म्हणून! १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती हवी होती. वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या, बायका काही येईनात. शेवटी मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाकी सापडला, सडपातळ, नाजूक हातांचा, तेच हे अण्णा साळुंके. पगार महिना १० रुपये, फाळक्यांनी १५ देऊ केले. तालमी झाल्या आणि गाडी अडली मिशीवर! अण्णा कचरले, वडीलही आडवे आले, कारण बाप गेल्यावरच मिशी उतरवायची रीत. फाळक्यांनी समजूत घातली, मिशी उतरली आणि तारामती उभी राहिली. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये रामही तेच, सीताही तेच!

'राजा हरिश्चंद्र'मधला कुंडातल्या पाण्याचा प्रसंग पाहा. तारामती आणि तिच्या सख्या, सगळे पुरुषच. दीडपट वेगात ती नुसती झटापट वाटते. वेग उतरवा, मग साळुंक्यांची मान कशी वळते, पदर कसा सावरला जातो, ते दिसतं.

मधे मधे पडद्यावर मजकुराची पाटी येते, ती आली की थांबवा आणि घरातल्या एकानं मोठ्यानं वाचा. थिएटरातही तेव्हा अशा पाट्या वाचून दाखवत.