भूगोलात पुढं शिकायचं म्हणजे काय करायचं?

सुरुवातीलाच एक खुलासा करते. पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘भूगोल : उच्च शिक्षणातील संधी’ असा छापलाय. संधी हा शब्द माझा नाही. संधींची यादी तुम्हाला मोबाइलवर दोन मिनिटांत मिळते, त्यासाठी या पावसात कोथरूड-हडपसरहून इथवर यायची गरज नव्हती. मी बोलणार आहे ते भूगोलात एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणारा माणूस दिवसभर नेमकं करतो काय, याबद्दल. मागच्या रांगांत पालक बसलेत. त्यांना नोकरीचं ऐकायचं असणार. तेही सांगते, पण शेवटी.

दहावीला आपला भूगोल चाळीस मार्कांचा, इतिहासाच्या शेपटाला बांधलेला. त्यात एक प्रश्न असतो, नकाशात दाखवा. म्हणजे ‘कुठं आहे’ एवढं आलं की काम झालं. पदवीला गेलात की ‘कसं झालं’ सुरू होतं. एम.ए.ला प्रश्न बदलतो, तो असा : तिथंच का? आणि चार मैल पलीकडं का नाही? ऐकायला सोपं वाटतं. मी पस्तीस वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न स्वतःहून विचारणारी मुलं मला फार थोडी भेटली.

पुण्यातल्या विद्यार्थ्याला तर प्रयोगशाळा दारातच आहे. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कधी त्याहून जास्त. पुणे शहरात सातशेच्या वर थोडा. दौंड-बारामतीकडं गेलात की पाचशेच्या घरात. शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये एवढा फरक. पर्जन्यछायेचा प्रदेश, हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं, आणि ते बरोबरही आहे. मी मुलांना एसटीनं आधी पश्चिमेला न्यायची, मग पूर्वेला. पश्चिमेला भातखाचरं, वर उतारावर नाचणी-वरी. पूर्वेला ज्वारी-बाजरी दिसायला हवी. पण लोणी काळभोर सोडून यवतच्या पुढं गेलं की दोन्ही बाजूंना काय दिसतं? ऊस! जिथं पाऊस सगळ्यात कमी, तिथं सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक. आता पर्जन्यछाया काय कामाची?

मग कालवा आला. कालव्यामागं एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बांधलेलं खडकवासला धरण आलं. त्यानंतर सहकारी साखर कारखाने, पाण्याच्या पाळ्या, आणि आज त्याच धरणांच्या पाण्यावर शहर आणि शेती यांची चाललेली ओढाताण. हवामानशास्त्राच्या तासाला विचारलेला प्रश्न इतिहासात शिरतो, अर्थशास्त्रात शिरतो, राजकारणातून बाहेर पडतो. ‘संलग्न विषय’ म्हणतात ते हेच. ते अभ्यासक्रमात वेगळे छापलेले असले तरी रस्त्यावर असे एका ओळीत उभे असतात.

आता माझी स्वतःची फजिती सांगते. १९८० च्या दशकात मी एम.ए.चा लघुप्रबंध लिहिला. विषय होता कऱ्हा नदीच्या खोऱ्याचं मॉर्फोमेट्रिक विश्लेषण, म्हणजे आकारमितीचा अभ्यास. तुमच्यापैकी निम्म्यांनी पदवीला हेच प्रात्यक्षिक केलं असेल. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे ओढे, उंची, गावं दाखवणाऱ्या सविस्तर नकाशावर, ट्रेसिंग पेपर ठेवायचा, सगळे ओढे-नाले रोट्रिंगच्या पेननं गिरवायचे. ज्याला एकही उपनाला मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा, पहिल्या श्रेणीचे दोन मिळाले की दुसरी श्रेणी, असं मोजत जायचं. अमेरिकेतल्या हॉर्टननं १९४५ मध्ये ही पद्धत मांडली, पुढं स्ट्रॅलरनं ती सुधारली. तीन महिने मी नाले मोजले. द्विशाखन गुणोत्तर, म्हणजे एका श्रेणीचे नाले तिच्या वरच्या श्रेणीच्या नाल्यांच्या किती पट, ते चारच्या आसपास आलं. तीन ते पाचच्या मध्ये आलं की खोऱ्यावर भूरचनेचा फारसा प्रभाव नाही असं लिहायचं असतं, तसं मी लिहिलं. प्लॅनिमीटरनं क्षेत्रफळ काढलं, नकाशे सुबक काढले, आणि तोंडी परीक्षेला छाती काढून बसले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. “तुमच्या नदीला पाणी किती महिने असतं?”

मला सांगता येईना. तीन महिन्यांत मी एकदाही सासवडला उतरले नव्हते! पण खरी गोष्ट पुढंच आहे. घरी येऊन टोपोशीट पुन्हा उघडली, तर उत्तराचा बराचसा भाग तिथं छापलेलाच होता. त्या शीटवर कोरडे पडणारे नाले काळ्या रेघेनं दाखवतात आणि पाणी टिकून राहणारे निळ्या रंगानं. मी काळं-निळं सगळं एकाच काळ्या शाईनं गिरवून टाकलं होतं. नकाशानं सांगितलेलं मी माझ्या हातानं पुसलं होतं.

आणि तो चारचा आकडा? १९९३ मध्ये जेम्स कर्चनर यांनी दाखवून दिलं की अगदी यदृच्छेनं जोडलेल्या रेघांचं जाळं घेतलं, तरी ही गुणोत्तरं साधारण याच टप्प्यात येतात. म्हणजे जवळजवळ कुठल्याही जाळ्याला तो नियम लागू पडतो, म्हणून त्यातून एखाद्या खोऱ्याबद्दल फारसं काही कळत नाही. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. अजूनही दर वर्षी ‘अमुक नदीच्या खोऱ्याचे मॉर्फोमेट्रिक विश्लेषण’ या नावाचे प्रबंध येतातच. नदीचं नाव बदलायचं, बाकी तसंच. हे जरा कडू वाटेल, पण मीही त्यातलीच, म्हणून बोलायचा हक्क आहे.

आजच्या मुलांचं म्हणणं असतं, मॅडम, आता ट्रेसिंग पेपर गेला, आमच्याकडं क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर आहे. खरंय. तुमच्याकडं आहे ते आमच्या स्वप्नातही नव्हतं. लँडसॅट उपग्रहांची जुनी चित्रं २००८ पासून फुकट मिळायला लागली, सेंटिनेल उपग्रहांची दहा मीटरपर्यंतचं दाखवणारी चित्रं दर काही दिवसांनी येतात, फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशांवरचे नियमही सैल केले. आमच्या वेळी नकाशा मिळवण्यातच अर्धं वर्ष जायचं. पण चूक करायची सोय तेवढीच वाढलीय.

एक मुलगी मुळशी तालुक्याचा भूमिवापराचा नकाशा घेऊन आली होती. देखणा नकाशा. त्यात डोंगरांच्या वायव्येला निळ्या ठिपक्यांची रांगच होती. मी विचारलं, ही तळी कुठल्या गावांची? ती म्हणाली, सॉफ्टवेअरनं दाखवलीत, अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर आहे. चित्र डिसेंबरचं होतं. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमाराला वरून जातो, तेव्हा हिवाळ्यातला सूर्य आग्नेयेला खाली असतो आणि सह्याद्रीच्या कड्यांची सावली वायव्येला पडते. सावलीही काळी, खोल पाणीही काळं. संगणकाला दोन्ही एकच. तुलनेसाठी घेतलेलं दुसरं चित्र मार्चचं होतं, त्यात सावल्या आखूड झालेल्या. त्यामुळं दहा वर्षांत तालुक्यातले पाणसाठे घटले, असा निष्कर्षही तिनं लिहून ठेवला होता. पुढच्या रविवारी ती भावाच्या गाडीवर बसून गेली आणि एका ‘तळ्याचा’ फोटो मला पाठवला. त्यात कारवी होती आणि दगड. तिचा प्रबंध पुढं फार चांगला झाला, कारण तिनं सावलीलाच विषय केलं.

लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. गावपातळीवर त्यांच्या हातात आहे ती २०११ ची जनगणना, २०२१ ची झालीच नाही. त्यात सीमा हलतात. फुरसुंगी घ्या. २०११ ला ती ग्रामपंचायत होती. २०१७ ला अकरा गावं पुणे महापालिकेत आली त्यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती, आणि २०२४ ला दोन्ही पुन्हा बाहेर काढून वेगळ्या नगर परिषदेसाठी ठेवली. आता सांगा, ‘पुणे शहराची लोकसंख्येची घनता’ काढताना फुरसुंगी आत धरायची की बाहेर? कुठल्या वर्षासाठी? याचं उत्तर दोन पानांत नीट लिहिता आलं, तर तुम्ही एम.ए.ला लायक आहात असं मी म्हणेन. तिथल्या कचरा डेपोचा विषय मी इथं काढत नाही, नाहीतर संध्याकाळ होईल.

संलग्न संस्थांबद्दल थोडं. सिमला ऑफिस चौकातून तुम्ही रोज जाता. सिमल्याचा आणि शिवाजीनगरचा काय संबंध, हे कधी मनात आलंय? हवामान खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, त्याचं नाव चौकाला चिकटलं. पाषाणला आय.आय.टी.एम. ही उष्णकटिबंधीय हवामानावर संशोधन करणारी संस्था आहे, ती १९६२ ची. पण तिथं मान्सूनवर काम करायचं तर भौतिकी आणि गणित पक्कं हवं. भूगोलाच्या नुसत्या पदवीवर दार उघडत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. खडकवासल्याला पाणी आणि वीज संशोधन केंद्र आहे, त्याची सुरुवात १९१६ ची. तिथं नद्यांची आणि बंदरांची छोटी प्रतिरूपं बांधून त्यांत पाणी सोडून बघतात. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाबरोबर नदीकाठच्या गाळाचा अभ्यास चालत आला. जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख सापडली. ती इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची मानतात, पण तिच्या वयावरून अभ्यासकांत वाद आहे. आपल्या जिल्ह्यातल्या ओढ्याकाठी सुमात्राची राख! कधी जाऊन बघा. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती. शहरी भूगोलवाल्यांनी ती वाचल्याशिवाय पुण्यावर एक ओळ लिहू नये, असं माझं मत आहे.

आता पालकांचं. भूगोलात नेट ही प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा आहे, त्यातून जे.आर.एफ. ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना सदतीस हजार आहेत. गेट या अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा, म्हणजे मोजणी आणि नकाशाशास्त्राचा, पेपर आहे. संगणकावर नकाशांचं काम करणाऱ्या खासगी जी.आय.एस. कंपन्यांत काम मिळतं, सुरुवातीचा पगार बेताचा असतो. भूजल सर्वेक्षण, नगररचना, स्पर्धा परीक्षा आहेतच. कॉलेजात प्राध्यापक होईन या एकाच आशेवर पीएच.डी. करू नका. कायम जागेची वाट बघत तासिका तत्त्वावर चाळिशी गाठलेली माझी मुलं या सभागृहातही बसली असतील. २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झालं, आणि चार वर्षांच्या पदवीला पंचाहत्तर टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला जाता येतं. जाता येतं म्हणून जाऊ नका. बाविसाव्या वर्षी स्वतःचा प्रश्न सापडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

विषय कसा निवडायचा, असं एकानं चिठ्ठीत विचारलंय. लहान निवडा आणि चालत जाता येईल असा निवडा. उदाहरण देते. पुणे शहर टोपोशीटवर दोन कागदांत विभागलंय. साडेअठरा अक्षांशाची रेघ पर्वतीच्या पायथ्याच्या आसपास जाते. शनिवारवाडा ४७ एफ/१४ वर, पर्वतीचं देऊळ, कात्रज आणि सिंहगड ४७ एफ/१५ वर. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि दांडेकर पुलाखालून पुढं मुठेला मिळतो, म्हणजे दोन्ही कागद जोडल्याशिवाय तो पुरता दिसत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला, माणसं गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या. पन्नास हजारास एक प्रमाणाच्या नकाशावर दहा मीटरचा ओढा ०.२ मिलिमीटर होतो, छापलेली रेघच त्याहून जाड. उपग्रहाच्या तीस मीटरच्या उंची-नकाशावरून संगणकानं ओढा काढायला गेलात तर तो बिनदिक्कत कुणाच्या तरी सोसायटीच्या पार्किंगमधून जातो. आणि त्याचा आजचा मार्ग तरी नैसर्गिक कुठाय? पेशवाईतच तो पर्वतीजवळ वळवला. मग पूर जातो तो कुठल्या वाटेनं, आत्ताच्या की जुन्या? संरक्षक भिंती कुठं आहेत, पूल किती उंच आहेत, त्या रात्री पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं? हे कुठल्याच उपग्रहाकडं नाही. तिथं राहणाऱ्या बायकांकडं आहे. त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतात, इथपर्यंत.

या रविवारी पाऊस उघडला तर मी काही मुलांना घेऊन कात्रजच्या तळ्यापासून ओढ्याच्या काठानं निघणार आहे. सकाळी साडेसहाला. जिथं काठ सुटतो तिथं रस्त्यानं वळसा घ्यावा लागेल, त्यामुळं दांडेकर पुलाला पोचायला दुपार होईल. दोन्ही शीटच्या झेरॉक्स मी आणीन. टेप आणि वही तुमची. चपला घालून येऊ नका, काठाला काचा असतात.