बर्फ पडेल तिकडे

(पुण्यातल्या एका ट्रेकिंग ग्रुपच्या मासिक सभेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी निम्मे उद्या पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी असणार, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे वेळेत संपवते.

आपण सह्याद्रीवाले ठरवून वागणारी माणसं. शुक्रवारी रात्री निघायचं, पहाटे पायथा, दुपारी माथा, रविवारी रात्री घर आणि सोमवारी ऑफिसच्या जिन्यात लंगडणं. एकदा ठरलेला ट्रेक सहसा रद्द होत नाही. पाऊस असला तर दोन माणसं जास्तच येतात. हा स्वभाव गडावर शोभतो. स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावर घसरायची फळी, घेऊन हिवाळ्यात गाडीने वर हिमालयात जाताना मात्र तो घरी ठेवावा लागतो. मला आज मुख्यतः एवढंच सांगायचंय, बाकीचं त्याच्या अवतीभवती.

ज्यांनी हा प्रकार फक्त मोबाइलवर पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं मागचं. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शेरमन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकत्र जोडल्या. त्यातून ‘स्नर्फर’ हे खेळणं निघालं आणि चांगलं खपलं. जेक बर्टनने १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायला घेतले, पण बहुतेक स्की रिसॉर्ट या पोरांना लिफ्टजवळ उभं करत नसत. पुढे १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. तरीही अमेरिकेत अल्टा, डीअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन ही तीन ठिकाणं आजही स्नोबोर्डला बंदी घालून बसली आहेत. हे ऐकल्यावर ‘आमची कुठेही शाखा नाही’ अशी पाटी मिरवणाऱ्या गावात राहणाऱ्या मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

आता आपल्याकडचं. उत्तराखंडात औली आहे, हिमाचलात सोलंग आहे, आणि अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून हिवाळ्यात पलीकडे सिस्सूपर्यंतही गाड्या जातात. पण बोर्डवाल्यांची खरी पंढरी गुलमर्ग. गाव साधारण २,६५० मीटरवर. तिथून गंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, दोन टप्प्यांत चढतो: ‘फेज वन’ कोंगडोरीपर्यंत आणि ‘फेज टू’ अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर. म्हणजे वरून गावापर्यंत १,३०० मीटरची उतरण. समुद्रसपाटीपासून सिंहगड १,३१२ मीटर आहे. समुद्रापासून सिंहगडाच्या माथ्यापर्यंत जेवढी उंची, तेवढी एका दमात घसरत यायची, अशी कल्पना करा. वारा सुटला की फेज टू बंद. बर्फ फार पडला तरी बंद, कारण गस्तीच्या पथकाने उतार तपासून दिल्याशिवाय वर सोडत नाहीत. आठ दिवसांच्या रजेतले चार दिवस खाली बसून कहवा पिण्यात जाऊ शकतात. जातातच.

हा बर्फ येतो कुठून, हे कळलं की रजा कशी टाकायची तेही कळतं. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि जूनमध्ये येणार हे पक्कं असतं. काश्मीरचा हिवाळी बर्फ भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे हिवाळी वादळी हवेच्या पट्ट्यांवर, अवलंबून असतो. एक आला की दोन-तीन दिवस बर्फ, मग उघडीप, मग पुढचा कधी येईल याची वाट. २०२४ च्या जानेवारीत तो आलाच नाही. ऐन हंगामात गुलमर्गच्या मैदानावर करडं गवत दिसत होतं, लोक घोड्यांवर बसून फोटो काढत होते; आणि फेब्रुवारीत धो धो बर्फ पडला. ज्यांनी दिवाळीतच विमानाची तिकिटं, हॉटेल, सगळं स्वस्तात पक्कं करून ठेवलं होतं, त्यांनी गवत पाहिलं. म्हणून मी तारीख धरून जात नाही. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर एवढा काळ साहेबांना आधी सांगून ठेवते, त्यातले कुठले दिवस ते आठवडाभर आधी कळवते. या एका सवलतीसाठी मी दिवाळीत आणि गणपतीत ऑफिसला जाते. घरच्यांचं यावर स्वतंत्र मत आहे, ते त्यांना विचारा.

सगळ्यांत सोपा रस्ता म्हणजे आपली झेलम एक्सप्रेस, पुणे ते जम्मू तावी. लोअर बर्थ मिळाला तर बोर्डाची बॅग खाली उभी सरकते. पण आज विषय रोड ट्रिपचा आहे, आणि गाडीचा मोठा फायदा हाच की बर्फ पडेल तिकडे वळता येतं. पंजाबात पोचेपर्यंत काश्मीर कोरडं आणि मनालीकडे बर्फ असा अंदाज आला, तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवायचं, बस्स. सुरत, उदयपूर, जयपूर करत वर जाताना मला बर्फाची भीती कधी वाटली नाही. भीती वाटते ती जानेवारीतल्या हरियाणा-पंजाबच्या धुक्याची. समोरच्या ट्रकचा दिवा तीन हातांवर आल्यावर दिसतो. तिथे आमचा नियम असा की सकाळी दहाच्या आत गाडी काढायची नाही. जम्मूच्या पुढे आता बोगदे झालेत. चेनानी-नाशरी २०१७ मध्ये झाला, बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा २०२१ मध्ये. त्यामुळे बनिहालच्या घाटात बर्फाने अडकणं पुष्कळ कमी झालं, तरी रामबनच्या पट्ट्यात दरड आली की महामार्ग बंद होतो तो होतोच.

गाडीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. पुण्यात कित्येक गाड्यांच्या रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलेलं असतं. ते वर गोठतं आणि गोठताना फुगतं, मग इंजिनाचं काय होतं ते मेकॅनिक सांगेल. निघण्याआधी कूलंट बदलून घ्या. डिझेल गाडी असेल तर खालची भरलेली टाकी तशीच वर नेऊ नका. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. टाकी वरच्या गावातच भरावी. रात्री हँडब्रेक ओढायचा नाही, तो गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाला दगड लावायचा आणि वायपर काचेपासून उचलून ठेवायचे.

आणि टायरच्या साखळ्या. गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गला पोचलात की पुढचे तेरा किलोमीटर चढ, आणि ताज्या बर्फात साखळीशिवाय वर सोडत नाहीत. साखळी लावायला हातमोजे काढावे लागतात. साखळी अडकवायचा आकडा आतल्या बाजूला असतो, म्हणजे बर्फावर गुडघे टेकून, चाकामागे हात घालून, न बघता तो अडकवायचा. मग गाडी दोन हात पुढे घ्यायची, साखळी सैल पडते, पुन्हा ओढायची. लोखंड इतकं गार असतं की ओलं बोट त्याला चिकटतं. शिवाय साखळी इंजिनाचा जोर असलेल्या चाकांना लागते, आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची. सवयीने मागच्या चाकांना लावून वळणावर आडवी झालेली वाहनं दर वर्षी दिसतात. हे सगळं नको असेल तर गाडी तंगमर्गला लावा आणि तिथल्या सुमोवाल्याला पैसे द्या. त्याचे हात आणि डोळे त्या रस्त्याला सरावलेले असतात. ताजा बर्फ असेल तर मी सुमोच करते.

आता प्रत्यक्ष बोर्ड. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, अंग आडवं, हातात काठ्या नाहीत. स्कीवाला सपाटीवर काठ्या मारत निघून जातो. आपण एक पाय सोडवून ढकलत बसतो, आणि गुलमर्गला सपाटी भरपूर आहे. बोर्डाला दोन कडा, एक टाचेकडची आणि एक चवड्याकडची. आडवं घसरताना नेहमी चढाकडची कड टेकलेली हवी. उताराकडची कड क्षणभर जरी रुतली, तरी माणूस आपटतो. घसरत नाही, आपटतो. डोकं किंवा गुडघे, जे आधी येईल ते. हेल्मेट त्यासाठीच. पडताना तळहात पुढे करायची उपजत सवय असते, त्यात नवख्यांची मनगटं जातात. मुठी आवळून कोपरापर्यंतच्या हातावर पडायला शिकवतात. पहिल्या दिवशी ‘फॉलिंग लीफ’ हा एकच धडा: एकाच कडेवर उभं राहून डावीकडे, मग उजवीकडे तरंगत खाली यायचं. दिसायला बावळट दिसतं, पण तो पक्का झाल्याशिवाय वळण जमत नाही. गड चढून तयार झालेल्या मांड्या इथे उपयोगी पडतात, पण ‘दम लावला की होतंच’ हा हट्ट आड येतो. बोर्डवर जोर लावला की अंग ताठ होतं आणि कड रुतते.

हिमस्खलनाबद्दल मी दर वेळी बोलते, आजही बोलणार. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. गडावरचा धोका डोळ्यांना दिसतो. कडा असतो, शेवाळ असतं. इथे उतार सुंदर, पांढराशुभ्र, आणि धोका आत गाडलेला. थंडीत पातळ थराचे दाणे सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत, आणि त्यावर नव्या बर्फाचा जड थर बसतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार यासाठी सगळ्यांत वाईट, आणि बोर्डवाल्याला नेमका तोच आवडतो. बहुतेक अपघातांत तो थर स्वतः त्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने सुटलेला असतो. गाडला गेलेला माणूस वाचायची आशा पहिल्या पंधरा मिनिटांत असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. म्हणजे मदत गावातून येत नाही, शेजारच्या माणसाकडून येते. दोरीच्या, म्हणजे तपासलेल्या उताराच्या हद्दीच्या, बाहेर जायचं तर प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झचा बीकन, म्हणजे गाडलेल्याचा ठाव देणारं छोटं सिग्नल-यंत्र, हवा, पाठीवर फावडं आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, हवेत, आणि ते वापरायचा सराव हवा. खिशातला मोबाइल बीकनच्या सिग्नलमध्ये लुडबुड करतो, तो लांबच्या खिशात. हे नसेल तर दोरीच्या आत राहा. आतही पुरेसा आनंद आहे. ज्या गाइडने ‘आज नाही’ म्हटलं त्याला जास्त पैसे देऊ करू नका. तो त्याच डोंगरात वाढलाय.

उरलेलं वर्ष पुण्यात जातं. मार्चमध्ये परत आल्यावर बोर्डाच्या तळाला मेण लावून ठेवावं लागतं, नाहीतर तळाचं प्लास्टिक कोरडं पडतं. जुनी इस्त्री घ्यायची, मेणाची कांडी टेकवायची, थेंब पाडायचे आणि ते इस्त्रीने हळूहळू पसरायचे. इस्त्री एका जागी थांबली की तळ जळतो. बाहेर अडतीस अंश, आत गरम मेणाचा वास. शेजारच्या काकूंनी दारातून बघून विचारलं होतं, ‘इस्त्रीचं टेबल फारच अरुंद घेतलंस गं!’

चिठ्ठ्या आल्यात, पटापट घेते. वयाची अट काय? चाळिशीनंतर सुरू केलेले लोक मला माहीत आहेत, फक्त गुडघ्याच्या डॉक्टरांना आधी विचारा. आधी स्की शिकावं का? गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, तिथले स्कीचे कोर्स चांगले आहेत. पण स्की आल्याने बोर्ड येतो असं नाही. आरिफ खान हे तिथल्याच भागातले, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताकडून एकटेच गेलेले स्कीअर. गावातली पोरं त्यांच्याकडे पाहून शिकतात, तुम्ही पोरांकडे पाहून शिका.

शेवटची चिठ्ठी: ‘आधी बोर्ड घेऊ का?’ नको. बोर्ड गुलमर्गच्या बाजारात भाड्याने मिळतो, बूट तेवढे स्वतःचे घ्या. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घालून बघा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकावीत, आणि टाच अजिबात उचलली जाऊ नये. आत मोजा एकच, तोही पातळ. दोन घातलेत तर घाम येतो, पाय ओले होतात आणि बोटं आधी गारठतात.