पाटी नसलेली बोट

मिनेसोटातलं एक कोठार. ताडपत्रीखाली फायबरची जुनी बोट, सोळा फुटी. मागे इंजिन नाही. नव्या मालकाला कळेना, हिला किती हॉर्सपॉवर झेपेल?

एरवी हे बोटीवरच लिहिलेलं असतं. सुकाणूच्या आसपास एक छोटी पाटी: माणसं किती, वजन किती, इंजिन जास्तीत जास्त केवढं. अमेरिकेत वीस फुटांहून लहान मोटरबोटींना ती १ नोव्हेंबर १९७२ पासून सक्तीची झाली. काही कारखाने आधीही आपखुशीने लावत. हिच्यावर मात्र रिव्हेटची भोकंसुद्धा नाहीत.

मग टेप काढायची. तिथल्या कोस्ट गार्डचं सूत्र सातवीतल्या पोरालाही जमेल. बोटीची लांबी फुटांत. ट्रान्समची, म्हणजे ज्या मागच्या भिंतीवर इंजिन टांगतात तिची, रुंदीही फुटांत, कड्या-मुठी सोडून. दोन्हींचा गुणाकार. इथे सोळा गुणिले साडेपाच, ८८.

चाकाचं स्टिअरिंग आहे आणि ट्रान्सम किमान २० इंच उंच आहे? मग दुप्पट करून त्यातून ९० वजा. उरले ८६. पुढच्या पाचाच्या पटीत न्या: ९० हॉर्सपॉवर.

आता चाक काढून टाका. इंजिनाचा दांडा हातात धरून हीच बोट हाकायची, तर मर्यादा थेट ५० वर येते. तळ सपाट आणि कडा कोनदार असतील तर ३० वर! चालवणाराही मागेच बसणार, इंजिनाशेजारी. सगळा भार एका टोकाला. अगदी लहान होड्यांसाठी वेगळा तक्ता आहे, तो ३ पासून १५ पर्यंतच जातो.

गंमत अशी, की हा केंद्रीय नियम बोट बनवणाऱ्यासाठी आहे. मालकाने जास्त ताकदीचं इंजिन लावलं तर त्याला अडवणारे कायदे काही राज्यांचे. विमा कंपनी मात्र कुठल्याही राज्यात विचारू शकते.

तर ९०. पण आजचं ९० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन दीडशे किलोंच्या वर भरतं. आणि सूत्राला लांबी-रुंदी कळते, बोटीचं वय कळत नाही. फायबरच्या आत प्लायवूड आहे, पन्नासहून जास्त वर्षांचं.

हातोडीच्या मुठीने ट्रान्सम ठोकून बघा. कडेला टणटण. मधोमध, जिथे इंजिन बसायचं, तिथे बद्द. जुन्या बोल्टच्या भोकात पेचकस फिरवला, तर बाहेर आला ओला, काळा भुसा.