काकांचा फोन आणि ४० तास

नमस्कार मंडळी. मला पाच मिनिटं दिलीत, म्हणजे मी दहा घेणार हे तुम्हाला ठाऊकच आहे.

परवा घरी जरा वाजलं. इथे कॅनडात, ऑन्टारियोत हायस्कूलचा डिप्लोमा हवा तर ४० तास व्हॉलंटियरिंग करावं लागतं, तर आमची लेक गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूड बँकेत डबे लावायला जाते आणि घरी आल्या आल्या फॉर्मवर सही झालीय ना ते बघते. मी आपलं सवयीने म्हणालो, तास मोजून कुठे सेवा होते का गं? तर म्हणते, "बाबा, तू तरी कुठे मनाने जातोस? मंडळाच्या कामाला काकांचा फोन येतो म्हणून जातोस."

काका पुढेच बसलेत, त्यांनी मनावर घेऊ नये.

पण खरंच, आपल्यापैकी कोणी कधी फॉर्म भरला होता? "येतोयस ना रे" एवढंच असायचं. गणपतीची वर्गणी मागत दारोदार फिरलो कारण सगळी गँग तिथे होती. आणि कॉलेजातलं एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आठवतंय? दोन वर्षांत २४० तास, वर शिबिरात घमेली उचलली, सगळं सर्टिफिकेटसाठीच की! म्हणजे लेकीच्या सहापट तास आपण मोजलेत. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

क्लॅरी, स्नायडर वगैरे अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये स्वयंसेवेमागची सहा कारणं मांडली: मूल्यं, शिकणं, जवळच्यांची अपेक्षा, करिअर, मनातलं ओझं विसरणं, स्वतःबद्दल बरं वाटणं. मला वाटतं थोडी थोडी सगळ्यांकडे असतात, पण त्यातलं कुठलं चारचौघांत बोलायचं ते आपण वाढलो कुठे त्यावर ठरतं. इथली मुलं करिअरचं नाव बिनधास्त घेतात, आपल्याला त्याची लाज वाटते, पण "काकांना नाही कसं म्हणणार" हे मात्र आपण कौतुकाने सांगतो.

आणि फोनवरची सेवा फोन पोचतो तिथपर्यंतच जाते बरं का. खुर्च्या आपल्याच हॉलच्या, उचलणारे तेच चौघं, बाकीचे पार्किंगमध्ये "छान झाला हां कार्यक्रम". फूड बँकेत लेकीला मंडळातलं मोठं माणूस एकही दिसलेलं नाही. तिथे आपल्याला ओळखतं कोण!

पुढच्या वर्षीची कमिटी अर्धी रिकामी आहे. मुलांना फोन केला तर ती विचारतात, काम नेमकं काय, किती वेळ, शिकवणार कोण. आपण म्हणतो, अरे तू ये तर आधी. ती येत नाहीत, आणि फोन करणारे काकाही आता पंचाहत्तरीला आलेत.